साउनातून बाहेर आल्यावर अंग निववायचं कसं

फिनलंडला नवीन आलेल्या आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, साउनात, म्हणजे घाम काढायला बसायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, किती वेळ बसायचं. मग किती डिग्री असतं, कपडे घालायचे की नाही, घरच्या बायकामाणसांनी कसं जायचं, सगळं विचारून घेतात. पण बाहेर आल्यावर किती वेळ बसायचं हे आजपर्यंत मला एकानेही विचारलेलं नाही, आणि त्रास होतो तो बहुतेक वेळा बाहेर आल्यावरच होतो. मी नऊ वर्षं हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहतोय, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर साउना आहे, दर आठवड्याला जातो, म्हणून जे शिकलो ते नीट लिहून ठेवतोय.

आधी उच्चाराचं सांगतो, इथे सॉना कोणी म्हणत नाही, साउना म्हणतात. साधारण ५५ लाख लोकांचा देश आणि साउना ३० लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास घरटी एक. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडची साउना संस्कृती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. या लोकांच्या भाषेत साउनानंतर बाहेर गार हवेत नुसतं बसून राहण्याला स्वतंत्र क्रियापद आहे, विलवोइतेल्ला. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे, निवणं. चहा बशीत ओतला की निवतो, आमटी झाकण काढून ठेवली की निवते, तसं अंग निवू द्यायचं. गार करणं वेगळं आणि निवू देणं वेगळं, हा फरक डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

आता शरीरात काय होतं ते बघा. आतलं तापमान साधारण ८० ते ९० डिग्री असतं, हवा कोरडी, मग तापलेल्या दगडांवर पाणी मारलं की जी वाफ अंगावर येते तिला लोयलू म्हणतात. दहा-बारा मिनिटांत कातडी चाळीसच्या आसपास तापते, हृदय मिनिटाला शंभर, सव्वाशे, कधी त्याहून जास्त ठोके देतं, म्हणजे भरभर चालल्यासारखं, फक्त तुम्ही बसलेले असता त्यामुळे कळत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्ताचा मोठा वाटा आतल्या अवयवांकडून कातडीकडे येतो, वर घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी जातं. अशा अवस्थेत तुम्ही वरच्या बाकावरून ताडकन उठून उभे राहिलात तर रक्त पायाकडे उतरतं, मेंदूला तेवढं पोचत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तरण्याताठ्या माणसालाही येते.

हे मला समजलं ते बाबांमुळे. बाबा साताऱ्याहून पहिल्यांदा आले होते, ऑक्टोबर होता, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. मी म्हटलं चला, इथे आलाय तर साउना बघितलाच पाहिजे. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास ठरवून दिलेला असतो, आमचा शनिवारी सात ते आठ. गप्पांच्या नादात आठ वाजायला पाच मिनिटं कमी झाली आणि मला पुढच्या कुटुंबाचं टेन्शन आलं, मी म्हटलं बाबा चला चला, उठा. ते वरच्या बाकावरून उठले, दोन पायऱ्या उतरून न्हाणीत आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले, म्हणाले, "अरे, काही दिसंना." फरशी ओली, वर साबणाचं पाणी. मी धरलं म्हणून, नाहीतर डोकं आपटलं असतं. त्यांना तिथेच बाकावर आडवं केलं, पाय वर उचलून धरले, पाच-सात मिनिटांत रंग परत आला, मग थोडं थोडं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी बीपी ठीक होतं, काही झालं नाही, पण चूक शंभर टक्के माझी होती, गरम अंगाच्या माणसाला मी घाई केली. तेव्हापासून मी तासाचा हिशोब उलटा करतो. एक तास मिळालाय तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं निवण्याची आणि अंघोळीची, ती आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्या वेळात काय बसायचं ते बसायचं.

तर निवायला सुरुवात आतच करायची. वर बसला असाल तर शेवटची दोन मिनिटं खालच्या बाकावर या, वर ज्या डिग्रीला बसला होता त्यापेक्षा तिथे बरंच कमी असतं. आडवे झाला असाल तर आधी उठून बसा, पाय खाली सोडा, पोटऱ्या जरा आवळा-सोडा करा. मग दाराची मूठ किंवा भिंतीचा आधार घेऊन उभे राहा, दोन-तीन श्वास घ्या आणि मगच चाला. नवीन माणसाने पहिल्या फेरीला पाच ते आठ मिनिटांच्या वर बसूच नये असं माझं मत आहे. शेजारी कोण किती वेळ बसलंय हे बघायचं नाही. इथे हेइनोला गावात १९९९ पासून साउनात कोण जास्त टिकतो याची जागतिक स्पर्धा भरायची, ११० डिग्रीला. २०१० च्या फायनलमध्ये एका स्पर्धकाचा जीव गेला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. ज्या देशात साउना जन्मला तिथल्या लोकांनीही मान्य केलं की ही टिकून दाखवायची गोष्ट नाही.

बाहेर आल्यावर पहिली गोष्ट हवा, पाणी नंतर. आपल्याला इथेच अडचण येते कारण लहानपणापासून उलटं ऐकलेलं असतं, अंघोळ झाली की वाऱ्यात जाऊ नकोस, घामाच्या अंगाने पंख्याखाली बसू नकोस, सर्दी होईल. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर आई टॉवेल डोक्याला गुंडाळूनच बाहेर सोडायची. त्यामुळे उणे दहा डिग्रीत टॉवेल गुंडाळून पायरीवर जाऊन बसायचं म्हटलं की मन तयारच होत नाही, मलाही पहिल्या थंडीत झालं नव्हतं. पण करून बघा. आत अंग इतकं तापलेलं असतं की पहिली काही मिनिटं थंडी लागतच नाही, दंडावरून, खांद्यावरून वाफ निघताना दिसते, दिव्याच्या उजेडात तर इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी. हवा हळूहळू उष्णता काढून घेते, रक्तवाहिन्यांना आकसायला वेळ मिळतो, हृदयाचे ठोके एकदम न पडता सावकाश उतरतात. म्हणूनच पहिला मान हवेचा.

किती वेळ बसायचं याला माझं माप असं आहे की जितका वेळ आत, किमान तितका वेळ बाहेर. पण घड्याळापेक्षा अंगाचं ऐका. श्वास नेहमीसारखा झाला का, मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली तर ठोके उतरलेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपाळ आणि छाती पुसल्यावर परत घाम येतोय का. पुसलं आणि परत दरदरून आलं तर अजून निवला नाहीत. उलट अंगावर काटा आला, दात वाजायला लागले तर जास्त बसलात, आत या. थंडीत बसताना तळपायाखाली काहीतरी घ्या, लाकडी फळी, स्लिपर, जाड मोजे काहीही, आणि डोक्याला लोकरी टोपी, कारण ओले केस उणे तापमानात खरोखर कडक होतात. बर्फाळ पायरीवर उघडं बसू नका, बुडाखाली टॉवेल हवाच.

हेलसिंकीच्या काल्लिओ भागात कोतिहार्यू नावाचा १९२८ चा सार्वजनिक साउना आहे, लाकडावर तापवतात. तिथे रस्त्यावरून जाताना तुम्हाला फुटपाथवर टॉवेल गुंडाळून बसलेली माणसं दिसतील, हातात काहीतरी प्यायला, अंगातून वाफा, येणारे-जाणारे लोक वळूनही बघत नाहीत. तांपेरेला रायापोर्त्ती आहे, १९०६ पासून चालू, देशातला सगळ्यात जुना चालू सार्वजनिक साउना, त्याच्या अंगणात लोक आतल्यापेक्षा जास्त वेळ बाहेर बसतात. नवीन माणसाने एकदा हे अंगण बघावं, मग कळतं की इथे निवणं हा साउना संपल्यानंतरचा भाग नाही, साउनाचाच अर्धा भाग आहे. आत जा, बाहेर या, परत आत जा, अशा दोन-तीन फेऱ्या होतात. फेऱ्या जमतात त्या बाहेर नीट बसल्यामुळेच, न निवता परत आत गेलात की दुसऱ्या फेरीत चार मिनिटांत जीव घाबरा होतो.

हवेनंतर पाणी. शॉवर एकदम गारढोण लावू नका. कोमट लावा, आधी पाय, मग पोटऱ्या, मांड्या, मग हात मनगटापासून खांद्याकडे, मग पाठ, छाती शेवटी, आणि हळूहळू नळ गारकडे न्या. आजी विहिरीच्या पाण्याने अंघोळ करायच्या आधी पायावर तांब्या ओतून घ्यायला लावायची, तेच. बादली आणि तांब्या असेल तर शॉवरपेक्षा बरं, आपल्या हातात राहतं. साबण लावायचा तो आता, शेवटच्या फेरीनंतर, पण साउनात शिरण्याआधीही एकदा साधी अंघोळ करायची असते, ती इथली रीत आहे, चुकवू नका.

आता तलाव, समुद्र आणि बर्फातलं भोक, ज्याचे फोटो बघून सगळ्यांना खाज येते. बर्फ फोडून केलेल्या त्या जागेला अवांतो म्हणतात, पाणी शून्य ते चार डिग्रीच्या मध्ये. वानताला कूसियार्वी तलावावर धुराचे, म्हणजे धुराडं नसलेले, साउना आहेत, हेलसिंकीत २०१६ ला उघडलेला लोयलू नावाचाच साउना आहे ज्याच्या शिडीवरून थेट बाल्टिक समुद्रात उतरता येतं, दोन्हीकडे मी गेलोय आणि सुख आहे यात वाद नाही. पण इथे शरीराला उलटा धक्का बसतो हे लक्षात घ्या. रुंद झालेल्या रक्तवाहिन्या एका क्षणात आकसतात, बीपी वर उडी मारतं, आणि थंड पाणी छातीला लागलं की आपोआप जोरात श्वास आत ओढला जातो, तो आपल्या ताब्यात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसात जातं. म्हणून सूर मारायचा नाही, उडी मारायची नाही, डोकं बुडवायचं नाही. शिडीने उतरायचं, उतरताना श्वास बाहेर सोडत राहायचं, फूऽऽ करून, गरम चहावर फुंकर मारतो तसं. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट असतं, मग श्वास ताब्यात येतो. पहिल्या वेळी दहा-वीस सेकंद पुष्कळ झाले, शिडीचा हात सोडायचाच नाही. एकट्याने कधीही नाही, आणि दारू पोटात असेल तर मुळीच नाही.

आणि एक, पाण्यात जाण्याआधी पण दोन-चार मिनिटं हवेत थांबा. साउनातून धावत सुटून थेट भोकात हे सिनेमात छान दिसतं, आमच्या शेजारचे आजोबा सत्तरीच्या पुढचे आहेत आणि सगळी थंडी अवांतोत उतरतात, ते सावकाश चालत जातात, टोपी घालून, हातमोजे घालून, शिडीपाशी थांबून आधी पाण्यात हात ओले करतात, तोंडावर फिरवतात आणि मग उतरतात. मी त्यांच्याकडून शिकलो. बर्फात लोळायचं असेल तर ताजा भुसभुशीत बर्फ बघा, वरून कडक झालेला बर्फ कातडीला खवल्यासारखा ओरबाडतो आणि गरम अंगाला तेव्हा कळतही नाही, घरी आल्यावर पाठ चुरचुरते.

प्यायचं काय. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात, ते इथेही तंतोतंत लागू पडतं, मी छोट्या डबीत गुळाचे खडे घेऊन जातो. नुसतं पाणी ढसाढसा नको, घोट घोट, साध्या तापमानाचं, पुढच्या तासाभरात दोन-तीन ग्लास पोटात जाऊ देत. इथे दुकानात पीमा मिळतं, आंबवलेलं दूध असतं, त्यात पाणी, मीठ, जिऱ्याची पूड घालून घुसळलं की बऱ्यापैकी ताक होतं, साउनानंतर त्यासारखं दुसरं काही नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. इथले लोक बियर पितात, लोंकेरो पितात, म्हणजे जिन आणि ग्रेपफ्रूटचं तयार पेय, जे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी आणलं होतं, शेगडीवर सॉसेज भाजतात. प्यायचंच असेल तर सगळ्या फेऱ्या आटपून, कपडे चढवून, पाणी पिऊन झाल्यावर. मधे नको, कारण दारूने रक्तवाहिन्या आणखी सैल पडतात, बीपी आणखी उतरतं आणि चक्कर येतेय हे कळण्याची अक्कलही तिने गेलेली असते. जेवणही तडस लागेपर्यंत लगेच नको.

कोणी जपून राहायचं ते स्पष्ट लिहितो. बीपी आटोक्यात नाही, छातीत दुखतं, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदयाची झडप अरुंद आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय साउना नाहीच, आणि थंड पाण्याची उडी तर विचारूनही नको असं मी म्हणेन. कुओपिओच्या संशोधकांचा २०१५ चा अभ्यास लोक नेहमी पुढे करतात, २३१५ पुरुषांना वीसेक वर्षं बघितलं, त्यात आठवड्याला चार ते सात वेळा साउनात जाणाऱ्यांमध्ये हृदयामुळे अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. खरंय, पण ती सगळी आयुष्यभर साउनाची सवय असलेली माणसं, आणि असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. शुगरवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, इन्सुलिन घेतलं असेल तर उष्णतेने ते लवकर शोषलं जातं आणि शुगर उतरू शकते, त्यामुळे निवताना हात थरथरले, कापरं भरलं तर थंडी समजून दुर्लक्ष करू नका, शुगर तपासा. पायाची संवेदना कमी झाली असेल तर उघड्या पायाने बर्फावर नको. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच. लहान मुलं इथे तान्ही असल्यापासून जातात पण ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि लवकर गारही पडतात, त्यांना आधी बाहेर काढायचं आणि आधी पुसून कपडे घालायचे.

चक्कर आली तर उभं राहून सावरायचा प्रयत्न करू नका, लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा, पाय वर. दुसऱ्याला आली तर आधी गरम खोलीतून बाहेर काढा, पाय उंच करा, कपाळावर, मानेवर ओला टॉवेल, पूर्ण शुद्धीत आल्यावरच पाणी. माणूस बरळायला लागला, उलट्या थांबेनात, अंग कढत लागतंय आणि उतरत नाही, छातीत दुखतंय, तर वाट बघू नका, ११२ ला फोन लावा, आणि अंग कढत असेल तर मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. भारतातही नंबर ११२ च आहे.

पुण्या-मुंबईत जिममधल्या, क्लबातल्या साउनात जाणाऱ्यांसाठी, तिकडे गार हवेचं अंगण नसतं ही खरी अडचण. मुंबईच्या मे महिन्यात बाहेर जाऊन बसलात तर दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग निवत नाही, नुसते चिकट होता. तिथे पंख्याखाली बसा, मग कोमटवरून गारकडे शॉवर, पायापासून. आणि लगेच स्कूटर काढू नका, किमान पंधरा मिनिटं जाऊ द्या, गाडीवर अंधारी आली तर सावरायला फरशी पण नाही. एसीच्या झोताखाली ओल्या अंगाने बसणंही टाळा, एका बाजूने मान धरते.

बाबा दोन वर्षांनी परत आले तेव्हा डॉक्टरांना विचारूनच आले होते आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, शनिवारचा तास आहे ना. खालचा बाक, सहा मिनिटं, मग मागच्या दाराने बाहेर पायरीवर. शेजारचे आजोबा तिथेच होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पंधरा मिनिटं दोघं टॉवेल गुंडाळून समोरच्या बर्चच्या झाडांकडे बघत बसले, मधे बाबांनी गुळाची डबी पुढे केली, आजोबांनी खडा घेतला, वास घेतला, तोंडात टाकला आणि मान हलवली.

राहिलं कपड्यांचं, आणि हे इथल्या थंडीत सगळ्यात जास्त लोक चुकतात. अंघोळ झाली, पुसलं, कोरडं वाटलं की लगेच थर्मल, स्वेटर, जॅकेट चढवतात आणि बसस्टॉपवर जातात. आतली उष्णता अजून बाहेर पडत असते, दहा मिनिटांत परत घाम फुटतो, आतले कपडे ओले होतात आणि उणे बारा डिग्रीत तेच ओले कपडे अंगाला चिकटून हुडहुडी भरते. म्हणून पुसून झाल्यावर आतल्या सुती कपड्यांवर कपडे बदलायच्या खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा, पाठीवर हात फिरवून बघा, कोरडी राहिली तरच वरचे कपडे. केस ड्रायरने मुळापर्यंत वाळवा, टोपी घाला, पिशवीत एक जास्तीचा बनियन ठेवा. घरी येऊन मुगाची खिचडी, वर तूप, आणि झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या, कारण रात्री दोन-तीनला तहान लागून जाग येतेच.